बंब, नळ्या आणि औशाचे पाणी

अंघोळीचे पाणी तापवण्याचे साधन विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला दोन गोष्टी विचारतो: घरात माणसे किती आणि बजेट किती. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी विचारायला हवे की पाणी कुठून येते, किती दिवसांआड येते आणि त्यात क्षार किती. उष्णतेची टंचाई इथे कधीच नव्हती. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी नळाला असे येते की हात धुवायलाही विसण लागावे. टंचाई आहे ती पाण्याची. त्या बाजूने विचार न करता घेतलेले साधन कितीही नामांकित कंपनीचे असो, दोन-तीन उन्हाळ्यांत ते गच्चीवरचे भंगार होते. इथल्या बऱ्याच गच्च्यांवर तसे भंगार दिसतेही.

शेतात घर बांधून राहणाऱ्यांची आणि नोकरी संपवून पुण्याहून गावी परतणाऱ्यांची संख्या हल्ली वाढते आहे. आपले घर स्वयंपूर्ण असावे, अशी त्यांची इच्छा असते आणि ती चांगलीच आहे. त्यांच्या यादीत सौर पॅनेल असते, गोबरगॅस असतो, बोअरचे पुनर्भरण असते, परसबाग असते. अंघोळीचे पाणी मात्र यादीच्या तळाशी, ‘बसवू एखादा गिझर’ एवढ्यावर उरकलेले. माझे म्हणणे असे की घराची स्वयंपूर्णता खरी की नुसती मिरवायची, हे कळण्याची सगळ्यात चांगली जागा न्हाणीघर आहे. दिवा एक दिवस नसला तर चालते, परसबागेतली मेथी नसली तरी चालते. कढत पाणी मात्र कडक उन्हाळा सोडला तर रोज लागते, तेही दिवसातल्या सगळ्यात गार वेळी, आणि घरातल्या सगळ्यांना एकापाठोपाठ.

हिशेब साधा आहे. पाच माणसांचे घर धरा, प्रत्येकी वीस लिटरची एक बादली. हिवाळ्यात टाकीतले पाणी साधारण २० अंशांचे असते, अंगावर घ्यायचे असते ४२ अंशांच्या आसपास. म्हणजे शंभर लिटर पाणी बावीस अंशांनी तापवायचे, २,२०० किलोकॅलरी. विजेत मोजले तर अडीच युनिटांहून थोडे जास्त. गिझरच्या टाकीतून झिरपून जाणारी उष्णता धरली तर रोजचे तीन युनिट आणि महिन्याचे नव्वद. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत पहिला टप्पा आणि त्यापुढे ३०० पर्यंत दुसरा, बराच महाग. दिवे, पंखे, टीव्ही आणि छोटा फ्रिज मिळून जे घर पहिल्या टप्प्यात बसते, ते एकट्या गिझरपायी दुसऱ्यात जाते. एलपीजीवर हेच पाणी तापवायला पाव किलोहून थोडा जास्त गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर पावणेदोन महिन्यांत नुसते मोरीतून वाहून जाते. वाळलेले सरपण बंबात अडीच किलोच्या आसपास, तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्याच्या दुप्पट. आणि ऊन? मराठवाड्यात निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर पाच युनिटांहून अधिक ऊर्जा पडते. चांगला संग्राहक तिच्यातली निम्मी पाण्यात उतरवतो. दीड चौरस मीटर जागा पुरे.

या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपण काय मागतो आहोत. बेचाळीस अंश. यापेक्षा हलक्या प्रतीची उष्णता घरात दुसऱ्या कशालाच लागत नाही. भाकरीचा तवा दोनशेच्या वर जातो, डाळ शंभरावर शिजते. वीज ही ऊर्जेची सगळ्यात वरची प्रत. ती बोअरची मोटर चालवते, दिवा लावते, मोबाइल भरते. ही कामे उन्हाने किंवा गोवरीने थेट होत नाहीत. तिला पाणी कोमट करायच्या कामाला लावणे म्हणजे बियाण्याची तूर भरडून डाळ करणे. पोट भरते, पण ती तूर पेरणीसाठी ठेवली होती.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचा विचार मांडणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी साधनसंपत्तीचे दोन भाग केले होते: साठ्यातली आणि वाहती. कोळसा आणि तेल साठ्यातले, काढले की कमी होणारे. ऊन, वारा, झाडांची वाढ हे वाहते. कुमारप्पा आज असते तर त्यांनी औशात एक तिसरा भाग जोडला असता, असे मला वाटते: वर्षातून काही महिनेच वाहणारे. पाणी इथे त्या भागात मोडते. ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पहिल्या खेपेचे पाच लाख लिटर पाणी आणावे लागले, ते लातूर औशापासून वीस किलोमीटरवर आहे. त्या रेल्वेच्या बातम्या देशभर गाजल्या. रेल्वे आली नाही अशा गावांत लोक टँकरभोवती घागरी घेऊन उभे होते, त्यांची बातमी झाली नाही.

आता विजेच्या बाजूने एक खरा आक्षेप आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. सौर पॅनेल आता स्वस्त झाली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला चार युनिट देते. मग गच्चीवर आणखी एक किलोवॅट लावून त्यावर साधा गिझर का चालवू नये? सौर बंबाच्या काचेच्या नळ्या नकोत, टाकी कोरडी पडण्याची भीती नको. औसा शहरात पक्क्या घरात राहणाऱ्या, वीज नियमित असलेल्या माणसाने हा मार्ग धरला तर मी त्याला चुकीचा म्हणणार नाही. पण त्याला स्वयंपूर्णताही म्हणू नये. पॅनेल दुपारी वीज देते, गिझर पहाटे पाचला वीज ओढतो. मधले सोळा तास ती वीज महावितरणच्या खात्यावर उसनी असते. तार तुटली किंवा रोहित्र जळले तर उसने परत मिळत नाही, आणि शेतावरच्या वस्तीचे रोहित्र जळले की किती दिवसांनी बदलून मिळते हे शेतकऱ्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. दुपारीच गिझर लावून ते पाणी पहाटेपर्यंत राखता येईल, पण मग आपण फिरून सौर बंबाच्याच कल्पनेवर आलो, फक्त तिप्पट किमतीच्या वाटेने.

गोबरगॅसबद्दल तर लोकांच्या मनात फारच गोड गैरसमज आहे. चार-पाच जनावरांच्या पन्नास किलो शेणावर दोन घनमीटरचे संयंत्र चालते. पाच माणसांच्या अंघोळीला पाऊण घनमीटरहून जास्त गॅस लागतो. म्हणजे वीस किलो शेण नुसते अंघोळीला, आणि स्वयंपाकाला जे उरते त्यात दोन्ही वेळचे जेवण ओढाताणीने होते. दुष्काळात चारा छावणीत गुरे गेली की गॅसही तिकडेच गेला. शिवाय बाजारातला गॅस गिझर एलपीजीच्या दाबावर बेतलेला असतो, गोबरगॅसच्या मंद दाबावर तो नीट पेटत नाही. एलपीजीवरचा गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरतो, आणि अशी माणसे महाराष्ट्रात दर हिवाळ्यात मरतात. त्या वायूला वास नाही, रंग नाही, धूर नाही; आतून कडी लावलेली असते. गॅस गिझर घ्यायचाच तर न्हाणीघराच्या बाहेर, पडवीत. आत अजिबात नाही.

उरते ऊन. उन्हाचा हा विचार मुंबईत फार आधी झाला होता. विल्यम ॲडम्स हा मुंबई हायकोर्टातला उपनिबंधक. उष्ण प्रदेशात लाकूड-कोळशाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असे सांगणारे पुस्तक त्याने १८७८ मध्ये लिहिले, आणि कुलाब्यातल्या आपल्या आवारात सपाट आरशांचे अर्धवर्तुळ उभारून त्यावर अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवून दाखवले. एवढी भव्य सुरुवात झाली आणि पुढे काही झाले नाही. अमेरिकेत मात्र विषय अंघोळीपाशी आला आणि रुजला. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये काळ्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून पाणी तापवण्याचे पेटंट घेतले. त्यात एकच खोट होती: संध्याकाळी पाणी कढत आणि पहाटे गार. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने ऊन पकडणारा भाग आणि पाणी साठवणारी टाकी वेगळी केली, टाकीला उष्णता धरून ठेवणारे आवरण घातले आणि कंपनीचे नावच ‘डे अँड नाइट’ ठेवले. पुढे लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायू स्वस्तात मिळू लागला आणि तो धंदा बसला. ज्याच्याकडे तोवर असा स्वस्त वायू मुबलक सापडला नव्हता त्या इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सौर बंब कायद्याने सक्तीचा केला.

औशाच्या दृष्टीने बेली महत्त्वाचा, कारण आपली अंघोळ पहाटेची. औसेकर महाराजांच्या या गावात कार्तिकातल्या काकड्याला उठणारा माणूस चारला पाणी मागतो. ऊन मावळून तोवर दहा तास झालेले असतात. म्हणून विक्रेता नळ्यांची संख्या सांगू लागला की त्याला थांबवावे आणि टाकीबद्दल विचारावे. तिच्या आवरणातला पफ, म्हणजे उष्णता रोखणारा फोम, किती जाड आहे? आतली टाकी कसली? पन्नास मिलिमीटर पफ चांगला भरलेला असेल तर रात्रीत पाणी पाच-सात अंश उतरते, ते सोसते. आवरण पोकळ असेल तर वीस नळ्यांनी दिवसभर कमावलेले पहाटेपर्यंत उधळलेले असते. बोअरच्या खारट पाण्यात साध्या ३०४ प्रतीच्या स्टीलची टाकी जोडाच्या जागी सडून ठिबकू लागते. ३१६ प्रतीचे स्टील किंवा आतून काचेसारखा लेप दिलेली टाकी महाग पडते, पण इथे तीच घ्यावी. नळ्यांवर वाचवावे, टाकीवर वाचवू नये.

नळ्यांची रचना मोठी हुशारीची आहे. काचेत काच, मधली हवा काढून घेतलेली, आतल्या काचेवर ऊन शोषणारा काळा लेप. निर्वातामुळे उष्णता बाहेर परतत नाही, म्हणून डिसेंबरच्या गार वाऱ्यातही पाणी साठाच्या वर जाते. नळीच्या तळाशी आरशासारखा रुपेरी ठिपका असतो. तो पांढरा पडला की निर्वात गेला, नळी बदला. विकत घेताना हा ठिपका बघायला कुणी शिकवत नाही. सपाट पेटीचे, तांब्याच्या नळ्यांचे जुने संग्राहक याहून दणकट खरे, पण आपल्या सहाशे-सातशे फुटांवरच्या बोअरचे पाणी त्यांच्या बोटाएवढ्या तांब्याच्या नळ्यांत पांढरा खडक तयार करते. काचेची नळी रुंद असते, क्षार तळाशी बसतात, वर्षातून एकदा उपसून धुता येतात. फुटली तर एकच नळी काही शे रुपयांत बदलते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तशीच पुन्हा झाली तर सगळ्याच फुटतील, हा धोका पत्करायचा.

खरा धोका गारांचा नाही, कोरड्या टाकीचा आहे. नळाला पाणी आठ दिवसांनी येते, गच्चीवरची टाकी रिकामी, आणि एप्रिलच्या उन्हात कोरड्या नळ्या दोनशे अंशांपर्यंत तापलेल्या. दुपारी दीडला गल्लीत ओरड होते, ‘पाणी सुटलं!’ घरातले कुणीतरी धावत मोटर लावते. गार पाणी तापल्या काचेत शिरते आणि एकामागून एक नळ्या तडकतात. ही कंपनीची खोट नव्हे आणि घरच्यांचा निष्काळजीपणाही नव्हे. रोज पाणी असणाऱ्या शहरासाठी केलेली वस्तू आपण पाण्याची वाट पाहणाऱ्या गावात आणून लावली, एवढेच. उपाय आहे, पण तो घरातल्या सगळ्यांना माहीत हवा: पाणी संपत आले की नळ्यांवर गोणपाट टाकायचे, आणि कोरड्या नळ्या भरायच्या त्या रात्री किंवा उजाडायच्या आत. सौर बंबाला पाणी पुरवणारी वेगळी दोनशे लिटरची टाकी ठेवावी आणि तिला घरातल्या इतर कुठल्याही नळाची जोडणी देऊ नये. उन्हाळ्यात तर गोणपाट कायमचेच टाकून ठेवावे; त्या दिवसांत कढत पाणी मागतो कोण?

दुसरी गोष्ट छपराची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून माणसे झोपलेली असताना, याच तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यांतली बहुतेक भूकंपापेक्षा घरांनी मारली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, फूट-दोन फूट मातीचा थर. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसली, तिथे हलकी छपरे आणि स्लॅब आले. पण तालुक्यात जुनी माळवदाची घरे आजही आहेत आणि त्यांवर सौर बंब चढवलेले मी पाहिले आहेत. शंभर लिटरचा बंब म्हणजे पाण्याचे शंभर किलो, टाकी, सांगाडा, नळ्या, आणि त्याहून वर गार पाण्याची टाकी. चारशे किलोंचे ओझे चार पायांवर. माळवदावर ते ठेवू नये, यात चर्चेला जागा नाही. बंब अंगणात, न्हाणीच्या भिंतीलगत, विटांच्या कट्ट्यावर बसवावा. गार पाण्याची टाकी लोखंडी सांगाड्यावर त्याच्या थोडी वर. बादलीत पाणी पडायला एवढी उंची पुरते. शॉवर हवा असणाऱ्याने औसा सोडून दुसरीकडे स्वयंपूर्ण व्हावे.

हे मी गमतीने म्हणत नाही. बंब न्हाणीजवळ असण्याला पाण्याचाही हिशेब आहे. गच्चीवरून पाऊण इंची नळ पंधरा मीटर आला तर त्यात साडेचार लिटर गार पाणी अडकलेले असते, आणि प्रत्येक जण ते मोरीत सोडून कढत पाण्याची वाट पाहतो. पाच जणांचे वीस-बावीस लिटर, म्हणजे घरात नसलेल्या सहाव्या माणसाची अंघोळ. बादलीने अंघोळ करणाऱ्याचे हे पाणी वाया जात नाही, कारण तेच विसण होते. साठ अंशांचे दहा-अकरा लिटर आणि गार नऊ-दहा लिटर मिळून बादली भरते. याचा अर्थ पाच माणसांना रोज पंचावन्न लिटर कढत पाणी पुरते आणि शंभर लिटरचा बंब हातचे राखून भागवतो. विक्रेता दोनशेचा गळ्यात मारू पाहतो, कारण त्याने शॉवरचा हिशेब धरलेला असतो.

मग पावसाळ्याचे काय? जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले. सौर बंबात विजेची कॉइल घालून देतात, म्हणजे मागच्या दाराने गिझर घरात. ती कॉइल घेऊ नये. त्या दिवसांसाठी आपल्याकडे खरा बंब आहे.

तांब्याच्या बंबाकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले जाते आणि आता तो मोडीत जातो किंवा पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत कुंडी होऊन बसतो. पण तो नीट पाहावा. खाली जाळी, मधून वर जाणारे धुराडे आणि धुराड्याच्या चोहोबाजूंनी पाणी. विस्तव पाण्याच्या पोटात आहे. ज्वाळेने पाण्याला न शिवता बाहेर जाण्याची सोयच ठेवलेली नाही. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर याच तत्त्वावर. तीन दगडांवरच्या हंड्यापेक्षा निम्मे जळण लागते ते म्हणूनच. आणि त्याला काहीही चालते: तुराट्या, पळाट्या, मक्याची बुरकुंडं, शेंगांची टरफलं, बांधावरच्या वेड्या बाभळीच्या काटक्या. एकरात पाच-सहा क्विंटल तूर निघाली तर काड्या त्याच्या दुप्पट-तिप्पट निघतात. पावसाळ्याचे चार महिने रोज अडीच किलो धरले तरी तीन क्विंटल. डाळीसाठी देशभर नाव असलेल्या जिल्ह्यात जळण विकत घ्यायची गरजच नाही. याच तालुक्यात लोदग्याला शेतकरी नेते पाशा पटेल बांबूचा झेंडा घेऊन उभे आहेत. कोळशाच्या जवळ जाणारी उष्णता बांबूत आहे आणि कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी त्यांचे म्हणणे विचारात घ्यावे असे आहे. पण अंघोळीसाठी बांबू लावायची गरज नाही. आधी बांधावर पेटवून दिल्या जाणाऱ्या तुराट्या घरी येऊ द्या.

इथवर बंबाची बाजू मांडली. आता त्याची जी किंमत कुठल्याच वहीत लिहिली जात नाही, ती. बंब पहाटे चारला पेटवतो कोण? तुराट्यांच्या पेंढ्या बांधून पावसाआधी आडोशाला रचतो कोण? राख उपसतो कोण, धुराने डोळे कुणाचे चुरचुरतात? स्वयंपूर्ण खेड्याचे गुणगान करणाऱ्या आपल्या विचारवंतांनी सरपणाचा हिशेब मण-शेरांत मांडला, बाईच्या झोपेत मांडला नाही. बिनधुराच्या चुलीचा विचार करणारे मात्र याच मुलखात होते. १९४७ मध्ये, औसा अजून निजामाच्या राज्यात असताना, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली आणि अनेक भांडी ठेवता येणारी मातीची चूल तयार केली. तिच्या शेवटच्या वैलावर भाकरी होणार नाही, पाणी मात्र कोमट होते, तेही स्वयंपाकाच्या जाळावर, वेगळे सरपण न घालता. अशी चूल तालुक्यात घरोघरी असती तर पुढच्या दोन पिढ्यांची फुप्फुसे वाचली असती. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, सिलिंडर आले, चहा आणि भाजी गॅसवर गेली; अंघोळीचे पाणी बऱ्याच घरांत चुलीवरच राहिले, कारण सिलिंडर संपण्याची धास्ती पाण्यापाशीच आड येते. म्हणजे धूर गेला नाही, फक्त स्वयंपाकघरातून न्हाणीकडे सरकला.

सौर बंबाच्या बाजूने माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हा आहे. वीज वाचते, गॅस वाचतो, हे ठीकच. पण वर्षातले आठ महिने पहाटे चारला कुणालाही उठून विस्तव करावा लागत नाही. याची बरोबरी दुसरे कुठलेही साधन करत नाही. आणि पावसाळ्यात बंब पेटवायचाच असेल तर पहिली अंघोळ ज्याची, बंब त्याने पेटवावा. हा नियम घरात लागू होत नसेल तर स्वयंपूर्णतेची भाषा बंद करून गिझर लावावा. निदान सून झोपेल.

सौर बंबातही अन्याय शिल्लक राहतो, तो बारकाईने पाहावा लागतो. टाकीत कढत पाणी ठरावीकच असते. आधी आजोबा, मग कामावर जाणारे, मग शाळेची पोरे, आणि सगळे आवरून नऊ वाजता घरातल्या बाईची पाळी येते तेव्हा नळाला कोमटही येत नाही. म्हणून क्षमता ठरवताना माणसे मोजू नयेत, शेवटच्या माणसाच्या बादलीचे तापमान धरावे. मी शंभर लिटर पुरतात म्हणालो ते प्रत्येक जण एकच बादली घेईल या बोलीवर. ती बोली घरातल्या थोरल्या पुरुषाला मान्य नसेल तर दीडशेचा घ्या.

आणि बाळंतीण घरात आली की सगळे हिशेब मोडतात. सव्वा महिना तिला आणि बाळाला दोन वेळचे भरपूर कढत पाणी लागते, शेक लागतो, कपडे उकळायचे असतात. सौर बंब दिवसातून एकदाच भरतो. त्याला घाई करता येत नाही. तांब्याचा बंब दिवसातून तीनदा पेटवता येतो. आजारपणात आणि पाहुण्यांच्या गर्दीतही तेच. म्हणून जुना बंब मोडीत देऊ नये. झाळ निसटली तर तांबट शोधून ती भरून घ्यावी. तांबट आता लातूरलाही शोधावे लागतात, हे खरे आहे.

इथे कुणी विचारील की चीनमधून किंवा गुजरातेतून आलेल्या काचेच्या नळ्यांवर उभे राहिलेले घर स्वयंपूर्ण कसे? विचारावे. सगळे घरात बनले पाहिजे अशी स्वयंपूर्णतेची व्याख्या मी करत नाही. तशी केली तर मीठसुद्धा बाद होते. मी एवढेच बघतो की साधन बिघडले तर अंघोळ किती दिवस अडते. गिझरची कॉइल जळली तर लातूरहून मेकॅनिक येईपर्यंत. नळी फुटली तर तिच्या जागी बूच बसवून दुसऱ्या दिवशी. बंबाला गळती लागली तर शेजारच्या बंबावर. रोहित्र जळले तर काही सांगता येत नाही. हे कोष्टक प्रत्येकाने आपल्या घरापुरते लिहून काढावे. उत्तर बहुधा एकाच साधनावर येणार नाही. ऊन आठ महिने, तुराट्या चार महिने, सिलिंडर अडीनडीला, गोबरगॅस स्वयंपाकाला, पॅनेलची वीज दिव्याला आणि मोटरला. पाण्यात बुडवायचा विजेचा रॉड कशालाच नाही, शॉकचा धोका आहे. ओल्या हाताने बादलीत बोट घालून पाणी पाहण्याची सवय आपल्या लोकांना आहे आणि ती सुटणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. दोन भावांची घरे एकाच वाड्यात असली की विक्रेता सांगतो, शंभरच्या दोनऐवजी दोनशेचा एक घ्या, पैसे वाचतील आणि मोठ्या टाकीतले पाणी रात्री कमी निवेल. दोन्ही गोष्टी शास्त्राप्रमाणे बरोबर आहेत. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून भावकीत जे चालते ते पहाटे पाचला न्हाणीच्या दारात सुरू व्हायला नको असेल, तर शंभरचे दोनच घ्यावेत आणि दोन्हींच्या गार पाण्याच्या टाक्याही वेगळ्या ठेवाव्यात.